शेंदूर भरलेल्या प्लेटा

पुरुषांच्या कारखान्यात मी कशी शिरले ते आधी सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी मनातल्या मनात विचारत बसायला नको. लढाई सुरू झाली, माझे यजमान मोटार-मिस्त्री म्हणून पलटणीत भरती झाले, आणि गोंदियात स्टेशनच्या पलीकडे उस्ताद करीममियाँच्या बॅटरीच्या कारखान्यात एक माणूस कमी पडलं. उस्ताद आमच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "दादा, आदमी मिलता नहीं. जो मिलता है, फौज में चला जाता है. बहू को भेज दो. हाथ का काम है, बोझा नहीं उठाना पड़ेगा."

सासरे म्हणाले, "आमच्या घरच्या बाया कारखान्यात जात नाईत."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तेंदूपत्त्याच्या गोदामात मी जात होती, तवा मी कोनाच्या घरची होती?"

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा' म्हणून गळ घातली आहे. गमती पुष्कळ आहेत, एखादी सांगेनही. पण लिहायला बसलं की गमतीआधी सकूनच डोळ्यांपुढे येते. तिच्याबद्दल मी आजवर कुठे बोलले नाही. म्हणून हे तिचंच समजा.

बॅटरीच्या पोटात काय असतं, ते थोडक्यात सांगते. शिशाची जाळी ओततात, चाळणीसारखी. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून त्यात थोडा सुरमा, म्हणजे अँटिमनी, घालावा लागतो. लढाईत सुरमा मिळेना, तेव्हा उस्ताद छापखान्यातले झिजलेले टाइप आणून वितळवायचे, कारण त्यात तो असतो. कढईत अक्षरं बुडताना मी बघत राहायची. मग त्या जाळीच्या भोकांत लुगदी भरायची. ती लुगदी म्हणजे शेंदूर आणि मुरदाडशिंग ही शिशाचीच पिवळी भुकटी, त्यात पाणी घातलेला तेजाब, म्हणजे गंधकाचं आम्ल. हो, शेंदूर म्हणजे मारुतीला लावतात तोच. तोही शिसं भाजूनच केलेला असतो. भरलेल्या प्लेटा वाळवायच्या, तेजाबात उभ्या करायच्या, आणि तेलाच्या इंजिनावरच्या डायनामोतून हळूहळू वीज सोडायची. मग एक प्लेट काथासारखी तपकिरी होते आणि दुसरी पाटीसारखी करडी. दोघींच्या मध्ये हळदूच्या लाकडाची पातळ फळी, म्हणजे त्या एकमेकींना शिवत नाहीत. ह्या दोन रंगांच्या प्लेटांत वीज राहते. संपली की पुन्हा भरता येते. पण दर वेळी तपकिरी प्लेट थोडी थोडी झडते, आणि एक दिवस तिचा सगळा गाळ होऊन तळाशी बसतो. तपकिरी प्लेटेला फार आयुष्य नसतं. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

तेव्हा विलायतेहून तयार बॅटऱ्या येणं बंद झालं होतं. आमच्या भागातल्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या, डॉक्टरांच्या मोटारी, मालगुजारांचे रेडिओ, सगळं उस्तादांच्या त्या पत्र्याच्या छपराखालच्या लुगदीवर चालत होतं.

हळदूच्या फळ्या कापायला उस्तादांनी सुकराम नावाचा आराकश ठेवला होता. देवरीकडच्या जंगलातला गोंड माणूस, बोलणं कमी. सकून त्याची बायको. ती त्याची भाकर घेऊन यायची आणि माझ्याजवळ उकिडवी बसून बघायची. एक दिवस माझ्या हातातली लाकडी थापी तिनं काढून घेतली.

"बाई, तू हे लिपून राहिली का पोतून राहिली?"

"काऊन?"

"भित लिपाची असते अना चूल पोताची असते. हे लिपाचं काम आहे. दाबाव लागते." आणि तिनं थापीच्या एका दाबात लुगदी जाळीच्या दुसऱ्या बाजूनं अशी सारखी बाहेर काढली की उस्ताद उठून आले. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली. कुठूनही उजेड दिसेना. म्हणाले, "बेटी, कल से तू भी आ."

ती आली आणि कारखान्याचं सगळं वागणंच बदललं. ती काम करताना गाणी म्हणायची, गोंडी गाणी. मला शब्द कळत नसत, पण एक ओळ ती अशी उंच न्यायची की शेजारच्या भातगिरणीतले हमाल पोती भिंतीला टेकवून उभे राहायचे. गिरणीचा मुकादम ओरडत यायचा. सुकराम मात्र मान वर करत नसे. फक्त तिचं गाणं सुरू झालं की त्याची करवत हळू चालायची.

गंमत म्हणाल तर ह्याच दिवसांतली. केशोरीकडच्या एका मालगुजारांच्या घरी रेडिओ होता. त्याची बॅटरी भरून न्यायला त्यांचा डोमा नावाचा गडी बैलगाडीनं यायचा. एकदा आला तो बॅटरी भाताच्या तणसावर आडवी झोपवून, आणि स्वतः त्याच तणसावर बसून.

उस्तादांनी कपाळ धरलं. मी म्हटलं, "डोमा, आडवी काऊन टाकली?"

"थकली मनून तं आनली नाई का तिले? थकल्या मानसाले कोनी उभं ठेवते का?"

सगळा तेजाब तणसात मुरला होता. डोमा गाडीतून उतरला आणि धोतराचा मागचा भाग गाडीतच राहिला. सकूननं तोंड फिरवून त्याला गोणपाट दिलं आणि मग पोट धरून हसली. परत जाताना डोमा बॅटरी मांडीवर उभी धरून बसला होता, लेकरू धरावं तशी. त्या वेळचं सकूनचं हसणं मला आठवतं, कारण नंतर तिनं पोट धरलं ते हसण्यानं नव्हे.

पुढल्या उन्हाळ्यात आमच्या प्लेटा ढासळायला लागल्या. नवी भरलेली बॅटरी महिना काढेना. देवरीच्या रस्त्यावर चालणाऱ्या बसचे ड्रायव्हर तिवारीजी कारखान्यात येऊन आमच्यावर बरसले. जंगलात ऐन चढावर त्यांची बस बंद पडली होती. गाडीत एक ओली बाळंतीण होती, तिला खाटेवर घालून गावापर्यंत न्यावं लागलं होतं. "उस्ताद, आपकी बैटरी है या मिट्टी का घड़ा?" तिवारीजी म्हणाले आणि बॅटरी दारात ठेवून निघून गेले.

उस्तादांनी ती फोडली. तळाशी नुसता गाळ. त्यांनी शिसं तपासलं, तेजाब तपासला, डायनामो तपासला. आयुष्यभराचा नावलौकिक त्या गाळात गेल्यासारखे ते टोपी काढून बसून राहिले.

सकून शेंदराच्या डब्याजवळ गेली. चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि जिभेवर टाकून दातांनी चावली.

"हे शेंदूर नोहे," ती थुंकून म्हणाली. "वीट होय, वीट. करकरते."

"तुले कसं कळलं?" मी विचारलं.

"आमच्या देवाच्या गोट्याले शेंदूर लावाचा तं माहा बापू बाजारातून असाच चाखून आने. बेपारी लोक विटेचा भुगा मिसळतेत. खरा शेंदूर दाताले लागतच नाई. मंग हळूच गोडूस लागते."

लढाईच्या टंचाईत व्यापारी भेसळ करत होता, आणि आम्ही जाळीत अर्धी वीट भरत होतो. उस्तादांनी नवा डबा आणवला. सकूननं तोही चाखला आणि नाही म्हणून मान हलवली. तिसरा खरा निघाला. त्याच्या प्लेटा टिकल्या. तिवारीजी स्वतः पेढे घेऊन आले. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "इसकी ज़बान नहीं, तराज़ू है."

तेव्हापासून कारखान्यात आलेला प्रत्येक डबा सकूनच्या जिभेवरून जाऊ लागला. शेंदूर झाला, मग मुरदाडशिंगही. शहरातले रंगवालेसुद्धा तिच्याकडे चिमूट घेऊन येत. ती पदराला हात पुसून मोठ्या ऐटीत चाखायची. जिला गोंदियाच्या बाजारात कुणी नीट उभं करत नसे, त्या जंगलातून आलेल्या बाईला शहरातली माणसं विचारत होती, आणि ती सांगेल ते खरं धरत होती. तिचा तो आनंद मी जवळून पाहिला आहे. मलाही तिचा अभिमान वाटायचा.

आमच्याकडे एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. गाणाऱ्याचा गळा बसवायचा असेल तर वैरी त्याला विड्यातून शेंदूर खाऊ घालतात. मी ती लहानपणापासून ऐकली होती. उस्तादांनी ऐकली होती. सकूनच्याही गावात ती सांगत असतील. आम्ही सगळे रोज त्याच शेंदरात हात घालून बसत होतो, आणि ती गोष्ट आमच्यापैकी एकालाही आठवली नाही. आमच्या लेखी तो शेंदूर नव्हताच. तो 'माल' होता.

आधी तिची भूक गेली. मग पोटात कळा यायला लागल्या, अशा की ती थापी टाकून भिंतीला डोकं लावायची. मी ओवा दिला, सासूबाईंनी हिंग-पाणी दिलं. चेहरा मेणासारखा पडला. पावसाळा सरता सरता आवाज घोगरा झाला. ती उंच न्यायची ती ओळ अर्ध्यावर तुटायला लागली. गिरणीचे हमाल थोडे दिवस थांबून बघत, मग थांबेनासे झाले.

एका सकाळी ती प्लेट उचलायला गेली आणि प्लेट खाली पडली. दुसरी घेतली, तीही पडली. तिनं हात पुढे केला आणि आम्ही बघतच राहिलो. मनगटापासून पुढचा पंजा मोडलेल्या फांदीसारखा खाली लोंबत होता. बोटं मिटत होती, पण पंजा वर उचलेना. तिनं डाव्या हातानं तो उचलून सरळ केला. सोडल्याबरोबर पुन्हा खाली.

"हात झोपला असन," ती म्हणाली.

वस्तीत बोलणं सुरू झालं. गळा बसला, म्हणजे कुणीतरी जळून तिला शेंदूर चारला. कुणी रंगवाल्याचं नाव घेई, कुणी भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याचं. सुकराम आतापर्यंत एक शब्द बोलला नव्हता. तो एके दिवशी हातातली करवत न ठेवता तसाच आमच्यासमोर येऊन उभा राहिला. उस्ताद कढईपाशी होते, मी लुगदी कालवत होते, सकून भिंतीला टेकून बसली होती.

"माह्या बायकोले शेंदूर कोनं चारला?" तो म्हणाला. "नाव सांगा. आज सांगा."

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते.

सकूनच बोलली, त्या फाटक्या आवाजात. "कायले कोनाले धरून राहिला? कोनी नाई चारला. मीच तं खाऊन राहिलो होतो. सगळ्याइच्या म्होरं."

ती हे बोलेपर्यंत तिलाही कळलं नसावं. बोलून झाल्यावर तिनं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. सुकरामच्या हातातली करवत खाली आली आणि तो आमच्याकडे पाठ करून फळ्यांकडे जाऊन उभा राहिला.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि मलाही बोलावून दाखवल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती, दौतीतली शाई लागावी तशी. मग त्यांनी माझाही ओठ वर केला. म्हणाले, "तुम्हालाही आहे, पुसट. शिसं अंगात भिनलं आहे. हिला त्या कामापासून लांब न्या. कळा थांबतील. हात किती परत येईल, सांगता येत नाही."

"अना गळा?" सकूननं विचारलं.

डॉक्टरांनी दूध प्यायला सांगितलं.

कारखान्यात परतल्यावर उस्तादांनी भट्टीतला निखारा चिमट्यानं बाहेर काढला. त्यावर खरा शेंदूर चिमूटभर टाकला आणि नळीनं फुंकर घालत राहिले. शेंदूर काळवंडला आणि थोड्या वेळानं निखाऱ्यावर शिशाचा एक चकचकीत थेंब उभा राहिला. मग त्यांनी जुन्या डब्यातला भेसळीचा माल दुसऱ्या निखाऱ्यावर टाकला. शिसं जेमतेम दिसलं, बाकी विटेचा भुगा तसाच लाल राहिला. तेवढ्यात खरं-खोटं ठरलं. भट्टी तिथेच होती, रोज पेटलेली, सकूनच्या बसायच्या जागेपासून हाकेवर.

"या अल्लाह," ते म्हणाले, "ये तो मेरे उस्ताद ने सिखाया था. बरसों हुए. मैं भूल गया." आणि तो म्हातारा माणूस आमच्यासमोर ढसढसा रडला. मला त्यांचं समाधान करता आलं नाही. त्या दिवसापासून कारखान्यात पाण्याचा घडासुद्धा आत येऊ दिला नाही, खाणं तर दूरच. हात धुतल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. पण हे सगळं सकूनचा हात गेल्यावर.

सुकरामनं तिला गावी नेलं. निघताना तिनं आपली थापी मागितली. सुकराम म्हणाला, "कायले पायजे आता?" ती म्हणाली, "भित लिपाले." उस्तादांनी ती धुऊन, पुसून, तिच्या गाठोड्यात ठेवली.

लढाई संपली. माझे यजमान धडधाकट परत आले. हळूहळू तयार प्लेटा बाजारात यायला लागल्या आणि हातानं लुगदी भरणं बंद झालं. उस्ताद थकले होते. त्यांनी कारखाना आमच्या हवाली केला आणि आपल्या मुलीकडे राहायला गेले. पुढे तो धंदा आम्ही वर्षानुवर्षं केला. माझ्या हिरडीवरची रेघ पुसून गेली. माझे हात शाबूत राहिले, आज हे लिहिते आहे ते त्याच हातांनी. सकूननं चाखलं म्हणून मी चाखलं नाही, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, मोहफुलांच्या दिवसांत, मी तिला भेटायला गेले. आधी का गेले नाही, ह्याला मी घर, सासू, दुकान अशी कारणं देत आले आहे. तिवारीजींच्या बसनं गेले. त्यांचा रस्ता तिच्या गावाच्या फाट्यावरूनच जायचा. म्हणाले, "लौटते में शाम को यहीं से ले लूंगा."

सकून झाडाखाली मोहफुलं वेचत होती. डाव्या हातानं वेचत होती आणि उजव्या हाताच्या कोपराला टोपली अडकवलेली होती. मला ओळखून उठली. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. उजवा पंजा थोडासा वर यायचा, मग थकून खाली जायचा. आवाज घोगराच राहिला होता. आम्ही पुष्कळ बोललो. गाण्याचा विषय मी काढला नाही आणि तिनंही काढला नाही. पण दुपारी तिच्या घराच्या भिंती मी बघितल्या. इतक्या सारख्या लिपलेल्या भिंती त्या गावात दुसऱ्या नव्हत्या.

"डाव्यानं लिपली," ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "बाई, आता लुगदी कोन भरते?"

"कोणी नाही. तयार प्लेटा येतात."

तिनं भिंतीवरून डावा हात फिरवला. "मंग माह्या हातची एक बी प्लेट आता चालू नसन?"

मी धंद्यातली बाई. तपकिरी प्लेटेचं आयुष्य मला ठाऊक होतं, आणि तिलाही. मी म्हटलं, "आहे ना. तिवारीजींच्या बसमध्ये आहे. मी त्याच बसनं आले."

तिनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही, 'खोटं बोलतेस' असंही म्हणाली नाही. म्हणाली, "चाल, दाखव."

संध्याकाळी आम्ही तिघं फाट्यावर उभे राहिलो, ती, मी आणि सुकराम. बस आली. अजून चांगला उजेड होता. सकून ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेली. "भाऊ, बत्ती लाव."

"दिन में?" तिवारीजी म्हणाले, पण त्यांनी तिला ओळखलं आणि दिवे लावले.

"असे नाई. आधी इंजन बंद कर. नाई तं तो डायनामोचा उजेड होय."

"अरे बहन, फिर हैंडल कौन मारेगा? आधा घंटा लगता है इसको."

"मी मारतो," सुकराम म्हणाला. मी त्याचे ऐकलेले ते बहुधा सर्वांत मऊ शब्द.

तिवारीजींनी इंजिन बंद केलं. गाडीची घरघर थांबली आणि गाडीतली माणसं डोकी बाहेर काढून बघायला लागली. उन्हं होती, त्यामुळे दिवा लागला आहे की नाही ते लांबून कळत नव्हतं. सकून पुढे जाऊन दिव्यासमोर वाकली. डाव्या हातानं उजवा पंजा उचलून तिनं काचेसमोर धरला. तळव्यावर पिवळा उजेड पडला.

ती तशीच उभी राहिली. गाडीतलं कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काऊन थांबली? तिवारीजी त्यांना म्हणाले, "चुप बैठो."

मग तिनं हात काढून घेतला, दोन पावलं मागे सरली आणि सुकरामला म्हणाली, "मार आता हँडल. लोकाइले घरी जाचं आहे."